पिल्लाला एकाच खेळण्याचं वेड आहे? तेच ट्रेनिंगचं बक्षीस करा

चारपावली:
काही पिल्लं एखाद्या खेळण्यामागे इतकी वेडी असतात की समोर खाऊ धरला तरी ढुंकून बघत नाहीत. मग घरात दोनपैकी एक होतं. एक तर ते खेळणं दिवसभर पिल्लाच्या तोंडात राहतं आणि हाका मारून घरच्यांचा घसा बसतो, नाहीतर वैतागून ते माळ्यावर टाकलं जातं. दोन्हीकडे हाताशी आलेलं उत्तम बक्षीस वाया जातं. पोलिसांची आणि कस्टमची वास शोधणारी कुत्री बहुतांशी अशाच वेडावर तयार होतात. वास सापडला की चेंडू मिळतो, म्हणून ती मन लावून शोधतात.

मानसशास्त्रज्ञ डेव्हिड प्रीमॅक यांनी १९५९ मध्ये मांडलेलं तत्त्व इथे थेट लागू पडतं. प्राणी जे आपणहून जास्त करतो, ते वापरून तो कमी करत असलेलं वागणं वाढवता येतं. पिल्लाला दोरीवर झडप घालायची असते, बसायचं नसतं. बसलं की झडप घालायला मिळते हे कळलं की ते बसायला धावत येतं.

मात्र एक गोष्ट पक्की समजून घ्या: बक्षीस ती वस्तू नाही, तुमच्यासोबतचा खेळ आहे. नुसतं खेळणं हातात दिलं तर पिल्लू ते घेऊन कोपऱ्यात जाईल आणि तुमची गरज संपेल. म्हणून वेड असलेलं खेळणं मोकळं पडू द्यायचं नाही. ते कपाटात किंवा खिशात असतं, तुमच्या हातात आलं की जिवंत होतं आणि खेळ संपला की पुन्हा आत जातं. चावण्यासाठीची बाकीची खेळणी जमिनीवर राहू द्यात, ती काढायची नाहीत. चावणं ही पिल्लाची गरज आहे.

सुरुवातीचे काही दिवस कसलीही आज्ञा नको, फक्त नीट खेळायला शिकवा. दोरी पिल्लाच्या तोंडावर नाचवू नका. ससा कुत्र्याच्या तोंडाकडे धावत येत नाही, पळून जातो. खेळणं जमिनीलगत, पिल्लापासून लांब, वेडंवाकडं सरकवा, मध्येच थांबवा, पुन्हा झटकन हलवा. त्याने पकडलं की लगेच ३–४ सेकंद ओढाओढी, मग हात सैल सोडून त्याला जिंकू द्या. एका वेळी २–३ मिनिटं, दिवसातून ३–४ वेळा. पिल्लाला अजून हवं असतानाच थांबायचं. थकून ते स्वतः निघून गेलं तर खेळ लांबला असं समजा.

रानजाई:
छान विषय. खेळण्याच्या आकाराबद्दल भर घालते, कारण निम्म्या अडचणी तिथेच असतात.

वेड साध्या चेंडूचं असेल तर त्याच प्रकारचा, पण दोरी ओवलेला चेंडू घ्या. साधा चेंडू तोंडात गेला की तुमच्या हातात काहीच उरत नाही. ओढायच्या खेळण्याची लांबी निदान ६० सेंमी हवी, म्हणजे तुमची बोटं आणि पिल्लाचे दात यांच्यात अंतर राहतं. चावायचा भाग मऊ असावा, फ्लीसची (मऊ लोकरीसारख्या कापडाची) वेणी सर्वांत चांगली. चेंडू इतका मोठा हवा की तो दाढांच्या मागे घशात जाऊच शकणार नाही. आता पिल्लाला बरोबर बसणारा चेंडू दोन महिन्यांनी लहान पडतो, तेव्हा वेळोवेळी तपासा. टेनिसचा चेंडू फेकण्यापुरता ठीक, पण चघळायला देऊ नका. त्याची खरखरीत लव आणि तिच्यात अडकलेली धूळ दात झिजवते.

सुती दोऱ्यांचं खेळणं उसवायला लागलं की सरळ टाकून द्या. गिळलेला लांब धागा आतड्यात अडकला की आतडं त्याच्यावर चुण्या पडल्यासारखं गोळा होतं आणि धागा आतड्याच्या भिंतीला कापू शकतो. शस्त्रक्रियेची वेळ येते. पिल्लाच्या तोंडातून किंवा मागून धागा लोंबताना दिसला तर ओढायचा नाही, तातडीने पशुवैद्याकडे जायचं. पिपाणीवाल्या खेळण्यातली पिपाणी काढून गिळणारी पिल्लंही असतात, ती खेळणी फक्त हातात धरून खेळायची.

आणि रंग. कुत्र्यांना निळा आणि पिवळा चांगला ओळखू येतो, लाल आणि हिरव्यातला फरक फारसा कळत नाही. हिरवळीवर लाल खेळणं म्हणजे पिल्लाला नाकाने हुडकत बसायचं काम. मैदानात खेळायचं असेल तर निळं घ्या.

निळीशाई:
ओढाओढी खेळल्याने पिल्लू आक्रमक होतं, त्याला जिंकू दिलं तर ते आपल्यावर वरचढ होतं, असं सर्रास ऐकायला मिळतं. त्यात किती तथ्य आहे?

चारपावली:
काहीच तथ्य नाही. निकोला रूनी आणि जॉन ब्रॅडशॉ या संशोधकांनी २००२ मध्ये १४ गोल्डन रिट्रीव्हर कुत्र्यांवर नेमकं हेच तपासलं होतं. काही फेऱ्यांत कुत्र्यांना ओढाओढीत जिंकू दिलं, काही फेऱ्यांत हरवलं. जिंकल्यामुळे ती वरचढपणा करायला लागली असं दिसलं नाही. उलट जिंकणारं पिल्लू खेळणं घेऊन पुन्हा तुमच्याकडे येतं, कारण ओढणारा माणूस नसेल तर मजा नाही. कायम हरणारं पिल्लू खेळणंच सोडून देतं. बुजऱ्या पिल्लाला दहापैकी नऊ वेळा जिंकू द्या.

खेळताना गुरगुरणंही चालतं. अंग सैल, शेपूट हलती, मध्येमध्ये पकड बदलणं, असं असेल तर तो खेळच आहे. अंग ताठ, डोळे स्थिर, खेळण्यावर डोकं झुकवून निश्चल, ही वेगळी गोष्ट. तिच्याबद्दल पुढे लिहितो.

वाघ्याचा_दादा:
ओढण्याची पद्धतही लिहायला हवी. बरेच जण पिल्लाला दोरीसकट वर उचलतात, ते मानेच्या मणक्यांना घातक आहे. पिल्लाचे चारही पाय जमिनीवर, दोरी त्याच्या डोक्याच्या उंचीला किंवा त्याखाली, आणि हालचाल हळुवार डावीकडे-उजवीकडे. वर-खाली झटके नकोत. खेचायचं काम पिल्लाने करायचं, तुम्ही फक्त विरोध द्यायचा.

दुधाचे २८ दात साधारण साडेतीन-चार महिन्यांपासून पडायला लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत ४२ पक्के दात येतात. या काळात हिरड्या दुखतात. पिल्लू अचानक दोरी सोडून देत असेल, दोरीवर जास्त रक्त दिसत असेल, तर ओढाओढी थोडे दिवस बंद ठेवून जमिनीवर पाठलागाचा खेळ घ्या. नाहीतर वेड असलेल्या खेळण्याशी दुखणं जोडलं जातं आणि बक्षिसाची किंमत उतरते.

सायली७:
खरी अडचण "सोड"ची. पिल्लू खेळणं सोडतच नाही. जबडा उघडून काढलं तर पुढच्या वेळी अजून घट्ट धरतं. मग बसवायचं कधी आणि बक्षीस द्यायचं कधी?

चारपावली:
सायली, बरोबर जागी बोट ठेवलंस. "सोड" पक्कं नसेल तर खेळणं एकदाच वापरता येतं. म्हणून ते आधी शिकवायचं आणि जबडा कधीच उघडायचा नाही.

ओढाओढी चालू असताना खेळणं दोन्ही हातांनी पिल्लाच्या तोंडाच्या दोन्ही बाजूंना धरा आणि आपल्या मांडीला किंवा गुडघ्याला टेकवून अगदी घट्ट स्थिर करा. ओढायचं नाही, ढकलायचं नाही, बोलायचं नाही. खेळणं मेलं. पिल्लू आधी जोर लावेल, मग पकड बदलेल, मग जबडा किंचित ढिला पडेल. काहींना पाच सेकंद लागतात, काहींना तीस. तोंड सुटल्याच्या त्याच क्षणी आनंदाने "घे!" म्हणा आणि खेळणं पुन्हा पळवा. सोडण्याचं बक्षीस म्हणजे पुन्हा खेळ. सोडल्यावर खेळणं कपाटात गेलं तर पिल्लू शिकतं की सोडलं की संपतं, आणि पकड घट्ट होते. म्हणून एका बैठकीत ५–६ वेळा सोडवा आणि पुन्हा द्या, शेवटी एकदाच आत ठेवा.

खेळणं स्थिर केल्यावर पिल्लू दोन-तीन सेकंदांत सोडायला लागलं की मगच शब्द जोडा. क्रम महत्त्वाचा आहे: आधी "सोड", मग एक सेकंद थांबा, मग हात स्थिर करा. दोन्ही एकदम केलं तर पिल्लू हाताची हालचाल वाचतं, शब्द त्याच्या कानावरून जातो. काही दिवसांत हात स्थिर व्हायच्या आधीच तोंड सुटायला लागतं, तेव्हा शब्द समजला असं म्हणायचं. "सोड" एकदाच म्हणा. पाच वेळा म्हटलं तर पाचव्यांदा सोडायचं हेच शिकवणं होतं.

रानजाई:
माझा थोडा मतभेद. इतकं थांबण्यापेक्षा नाकाशी खाऊ धरून सोडवणं लहान पिल्लांना सोपं जातं, निदान पहिले काही दिवस.

चारपावली:
सोपं जातं, पण कोणत्या पिल्लाला ते बघा. खाऊ जास्त आवडणारं पिल्लू खाऊचा वास आला की खेळणंच विसरतं आणि नंतर पकडायलाही तयार होत नाही, तुमच्या खिशाकडे बघत बसतं. आणि ज्याला खेळण्याचं वेड आहे ते नाकाशी आलेल्या खाऊकडे लक्षच देत नाही. या चर्चेतलं पिल्लू दुसऱ्या प्रकारचं आहे, म्हणून त्याला अदलाबदलीसाठी दुसरं तसंच खेळणं जास्त उपयोगी.

रानजाई:
हे पटलं. दोन खेळण्यांची पद्धत मग मीच लिहिते. दोन अगदी सारखी खेळणी घ्या, रंगही तोच. पहिलं पिल्लाच्या तोंडात आहे. ते धरलेला हात निर्जीव करा आणि दुसऱ्या हातातलं खेळणं जमिनीवर फडफडवा. पिल्लू पहिलं टाकून दुसऱ्यावर येईल. लगेच दुसरं जिवंत, पहिलं मृत. इथे होणारी चूक म्हणजे पहिलं खेळणं ओढत राहणं आणि दुसरंही हलवणं. दोन्ही जिवंत असतील तर पिल्लू तोंडातलं का सोडेल? दुसरी चूक, दुसरं खेळणं कमी आवडीचं असणं.

वाघ्याचा_दादा:
आता आज्ञा जोडण्याबद्दल. "सोड" जमलं की त्याच्या आणि "घे"च्या मध्ये एक लहानशी फट तयार होते. आज्ञा त्या फटीत बसवायची.

सोड, मग पिल्लू तुमच्या तोंडाकडे क्षणभर बघतं, "घे!". पहिले दिवस एवढंच. खेळण्याकडे टक लावून बघतं पण तुमच्याकडे नाही, असं असेल तर खेळणं पाठीमागे न्या आणि गप्प उभे राहा. नजर वर आली की "घे!". मग सोड, बस, "घे!". मग सोड, बस, एक सेकंद, "घे!". नंतर दोन सेकंद, चार, पुन्हा एक. दर वेळी वाढवत गेलं तर पिल्लू कंटाळतं, मध्येमध्ये सोपं ठेवा.

झडप घालायची परवानगी फक्त शब्दाने मिळते, हात हलल्याने नाही. आधी "घे", मग हात हलवा. पिल्लू "घे"च्या आधीच उडी मारत असेल तर खेळणं छातीशी धरून उभे राहा, ओरडू नका, पुन्हा बसलं की सोपा प्रयत्न द्या. सलग दोनदा चुकलं तर थांबण्याचा वेळ कमी करा, तुम्ही घाई केली आहे.

खाऊ आणि खेळणं दोन्ही वापरत असाल तर शब्द वेगळे ठेवा. "घे" म्हणजे खेळण्यावर झडप, "छान" म्हणजे जागेवर राहा, खाऊ तोंडाशी येईल. एकच शब्द दोन्हीला वापरला तर पिल्लू खाऊसाठीही हातावर झडप घालतं.

निळीशाई:
प्रत्येक गोष्टीसाठी खेळणंच वापरायचं का?

वाघ्याचा_दादा:
नाही. बोलावल्यावर धावत येणं, वेगाने आडवं होणं, चालताना बरोबर राहणं, आणणं, शोधणं, यांना खेळणं. या सगळ्यांत वेग हवा असतो. गादीवर शांत पडून राहणं, नखं कापू देणं, दारात पाहुणा आल्यावर न उठणं, पट्टा सैल ठेवून आरामात चालणं, यांना खाऊ. खेळण्याने पिल्लाचं अंग तापतं आणि शांततेचं काम बिघडतं. शिवाय नवीन आणि बारीक गोष्ट शिकवताना अनेक आवर्तनं लागतात. खाऊचं बक्षीस दोन सेकंदांत संपतं, खेळण्याचं दहा-पंधरा सेकंद घेतं. म्हणून नवीन गोष्ट खाऊने समजावा, समजली की खेळण्याने वेग आणा.

सायली७:
बोलावल्यावर येण्यासाठी नेमकं कसं वापरायचं? आणि पिल्लू खेळणं घेऊन उलट दिशेला पळत असेल तर?

चारपावली:
पळण्याचा प्रश्न आधी. त्याच्या मागे धावायचं नाही, कारण पाठलाग हा त्याच्यासाठी ओढाओढीपेक्षाही भारी खेळ. सुरुवात अरुंद बोळात किंवा दोन भिंतींच्या मध्ये करा, म्हणजे जायला एकच वाट, तुमच्याकडची. मोकळ्या जागेत ५ मीटरची हलकी दोरी, गळपट्ट्याला नाही, हार्नेसला (छातीभोवतीच्या पट्ट्याला). त्या दोरीने ओढून आणायचं नाही, फक्त लांब जाऊ द्यायचं नाही. पिल्लू जिंकलं की तुम्ही दोन पावलं मागे सरा, खाली बसा, मांडीवर थाप द्या. ते आलं की लगेच खेळण्यावर हात टाकू नका. आधी छाती आणि कूस खाजवा, खेळणं त्याच्या तोंडातच राहू द्या, मग अलगद धरून ओढाओढी. जवळ येणं म्हणजे खेळणं जाणं, हे समीकरण बसलं की पिल्लू हाताच्या टप्प्याबाहेर घिरट्या घालतं. ते मोडायला फार वेळ लागतो.

आता बोलावणं. खेळणं मागच्या खिशात, पिल्लाला दिसत नाही. ते तीन-चार मीटरवर काहीतरी हुंगतंय. नाव आणि "ये" एकदाच. वळलं की तुम्ही उलट दिशेला धावा. ते तुमच्या जवळून जायला लागेल तेव्हा "घे!" आणि खेळणं तुमच्या पायांमधून मागे फेका किंवा बाजूला जमिनीलगत द्या. समोर छातीशी धरलं तर पिल्लू अंगावर उडी मारतं. पायांमधून फेकलं की ते वेग कमी न करता सरळ येतं.

खेळणं दाखवून बोलवायची सवय लावू नका. ते लाच होतं: दिसलं तर येईन, नाहीतर नाही. आठवड्याभरात खेळणं हातातून खिशात जावं, मग खिशातून झाडाच्या फांदीवर किंवा बाकावर. पिल्लू आलं की दोघांनी मिळून तिकडे पळत जायचं. काम आधी, खेळणं नंतर कुठूनही उगवेल, असा त्याचा विश्वास बसला पाहिजे.

रानजाई:
वेड कधी जास्त होतं तेही लिहा. "वेड आहे, छान" म्हणून लोक तासभर चेंडू फेकत राहतात.

वाढत्या पिल्लाच्या हाडांच्या टोकांना वाढीच्या कूर्चा असतात. त्या लहान जातींत वर्षाच्या आत आणि मोठ्या जातींत साधारण दीड वर्षापर्यंत बंद होतात. तोवर उंच उडी, गुळगुळीत फरशीवर गर्रकन वळणं, पुन्हा पुन्हा जोरात ब्रेक मारून थांबणं टाळा. चेंडू फेकायचाच तर जमिनीवरून घरंगळत सोडा आणि थांबल्यावर पिल्लाला पाठवा. वेडं पिल्लू लंगडत असतानाही धावतं, उन्हात जीभ बाहेर लोंबत असतानाही थांबत नाही. थांबवणं तुमचं काम.

खेळ संपल्यावर अर्ध्या तासानेही ते शांत होत नाही, कपाटासमोर बसून कण्हतं, पाणी पीत नाही, सोफ्याखाली खेळणं शोधत राहतं, तर मात्र खेळणं कमी करा: बैठका लहान, फेकणं बंद, ओढाओढी आणि हुंगून शोधणं जास्त. शेवट नेहमी सारखाच करा. एक ठरलेला शब्द, "संपलं", खेळणं नजरेआड, आणि मूठभर कोरडा खाऊ गवतात किंवा चादरीवर विखरून हुंगायला द्या. नाक चालू झालं की अंग थंड होतं. लेसरचा ठिपका तर कधीच नको. तो पकडता येत नाही, आणि काही कुत्री मग सावल्यांच्या आणि प्रकाशाच्या मागे लागतात. ते सुटणं फार कठीण.

निळीशाई:
चारपावली, तुम्ही ताठ होण्याबद्दल लिहिणार होतात.

चारपावली:
हो. खेळण्याजवळ गेल्यावर पिल्लू गोठतं, डोकं खाली, डोळ्यांचा पांढरा भाग दिसतो, किंवा खेळणं घेऊन चावण्याचा वेग वाढतो, ही राखणीची, म्हणजे खेळण्याजवळ कुणाला येऊ न देण्याची लक्षणं आहेत. अशा पिल्लाबरोबर ओढाओढी सध्या थांबवा आणि खेळणं हिसकावू नका, रागावूही नका. रागावल्याने ते पूर्वसूचना द्यायचं बंद करतं, म्हणजे गुरगुरण्याऐवजी सरळ चावतं. लांबून जाताना चांगला खाऊ टाकून पुढे निघून जायचं, रोज थोडं जवळून. लहान मुलं घरात असतील किंवा दात लागले असतील तर वर्तनतज्ज्ञ पशुवैद्याला दाखवा, प्रयोग करत बसू नका.

सायली७:
शेवटचं एक. दोरीऐवजी हातावरच दात लागतात, तेव्हा?

वाघ्याचा_दादा:
दात कातडीला लागले की खेळ जागच्या जागी थांबवा, खेळणं छातीशी, १० सेकंद शांतता. मग पुन्हा सुरू. सलग तीनदा झालं तर बैठक बंद. बहुतेक वेळा कारण तीनपैकी एक असतं: खेळणं आखूड आहे, तुम्ही ते "घे"च्या क्षणी हलवताय त्यामुळे पिल्लाचा नेम चुकतो, किंवा पिल्लाची झोप झालेली नाही. दिवसाला १८–२० तास झोपणारं वय आहे ते. अशा पिल्लाला देताना खेळण्याचं दुसरं टोक धरा, चावायचा भाग बाजूला लोंबू द्या आणि तोंड लागेपर्यंत तो अजिबात हलवू नका.